व्हॉल्ववरचा कार्बन : थेट इंधन-फवारणीची एक किंमत

पेट्रोल इंजिनात इंधन नेमके कोठे फवारले जाते, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर गेल्या तीन दशकांत बदलत गेले आणि त्याबरोबर इनटेक व्हॉल्व, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा आत सोडणारी झडप, काळ्या कडक थराने माखण्याचे दुखणे नव्याने पुढे आले. पोर्ट इंजेक्शन या आधीच्या पद्धतीत इंजेक्टर झडपेच्या अलीकडे, हवेच्या वाटेत बसवलेला असतो; साधारण 3 ते 4 बार दाबाने सुटलेले पेट्रोल झडपेच्या पाठीवर पडते आणि आत जाता जाता ती पाठ धुऊन काढते. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे थेट फवारणीच्या इंजिनात मात्र इंजेक्टरचे तोंड सिलिंडरच्या आतच उघडते, दाब शेकडो बारांवर जातो आणि झडपेला पेट्रोलचा स्पर्शच होत नाही.

ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन विमानांच्या इंजिनांत ती होती, 1954 च्या मर्सिडीज 300 एसएल या मोटारीत ती आली, आणि 1996 मध्ये मित्सुबिशीने जपानमध्ये गॅलंट मोटारीसाठी तिचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा अवतार बाजारात आणला. भारतात ती सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली ती छोट्या टर्बो इंजिनांबरोबर: 2019 ची ह्युंदाई व्हेन्यू (998 सीसी), पुढच्या वर्षीची फोक्सवॅगन पोलो टीएसआय (999 सीसी) आणि महिंद्राची पेट्रोल थार ही त्यांतील ठळक नावे होत. सिलिंडरच्या आत पेट्रोलची वाफ होताना आतील हवा थंड होते, त्यामुळे इंजिन ठोके न देता जास्त दाब सोसते आणि एक लिटरच्या इंजिनातून 120 पीएसच्या आसपास ताकद काढता येते. झडपेवरचा थर ही या फायद्याबरोबर आलेली किंमत आहे. ती बहुधा मिस्त्रीच्या हलगर्जीपणाची खूण नसते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

थर येतो तो मुख्यतः तेलातून. पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या तरी ज्वलनवायूंचा थोडा अंश त्यांच्या कडेने खाली, क्रँकशाफ्ट फिरतो त्या तेलाच्या पेटीत उतरतो आणि तेथील तेलाचे सूक्ष्म थेंब व वाफ सोबत घेतो. एकेकाळी हे मिश्रण नळीने रस्त्यावरच सोडून दिले जाई. प्रदूषणाच्या नियमांमुळे ते 1960 च्या दशकापासून पुन्हा इंजिनाच्या हवेच्या वाटेत वळवले जाऊ लागले. ही व्यवस्था योग्यच आहे, पण तिच्यामुळे तेलाची वाफ थेट इनटेक व्हॉल्वच्या तापलेल्या पाठीवर येऊन बसते. व्हॉल्वच्या दांड्याजवळील सील झिजले असेल तर तेथूनही तेल पाझरते, आणि दोन्ही झडपा क्षणभर एकाच वेळी उघड्या असतात तेव्हा जळालेला वायू काजळीसह मागे सरकतो. भाकरीच्या तव्यावर तेलाचे बोट फिरवून तो तापवत राहिले असता जसा काळा, न निघणारा पापुद्रा धरतो, तसेच येथे घडते. फरक एवढाच की येथे खरवडायला कोणाचा हात पोहोचत नाही. थर वाढला की हवेची वाट अरुंद आणि खडबडीत होते, सकाळी गाडी सुरू करताना इंजिन थरथरते, एखादा सिलिंडर मिसफायर करतो आणि चालक ‘पिकअप गेला’ अशी तक्रार घेऊन येतो.

कर्नाटकातील बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमापट्ट्यात या दुखण्याचा विचार करताना वापराचे दोन प्रकार वेगळे धरावे लागतात. पुणे–सोलापूर–हैदराबाद या राष्ट्रीय महामार्ग 65 वर उमरग्याकडून हुमनाबादकडे एका वेगाने धावणाऱ्या गाडीचे इंजिन पूर्ण तापते, तेलात उतरलेले पेट्रोल आणि पाणी उडून जाते. उलट भालकी, आळंद किंवा बसवकल्याणच्या बाजारपेठेत दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या करणारी, एसी लावून उभीच राहणारी गाडी किलोमीटरच्या हिशेबात कमी चाललेली दिसते, पण तिचे तेल लवकर खराब होते. अशा गाडीचे तेल किलोमीटरवर न मोजता महिन्यांवर मोजून बदलणे आणि कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच, कमी वाफ होणारे सिंथेटिक तेल घालणे हा थर रोखण्याचा नव्हे, पण त्याची गती कमी करण्याचा खात्रीचा उपाय आहे.

येथे एका लोकप्रिय गैरसमजाचा समाचार घेणे भाग आहे. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या ‘इंजिन क्लीनर’ बाटल्या इंजेक्टरचे तोंड आणि ज्वलनकक्ष काही प्रमाणात साफ करू शकतात, परंतु थेट फवारणीच्या इंजिनात ते पेट्रोल झडपेच्या पाठीपर्यंत जातच नाही, तेव्हा व्हॉल्वच्या थरासाठी त्यांवर केलेला खर्च वाया जातो. हेच इथेनॉललाही लागू पडते. 2025 मध्ये देशाने पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले, आणि उसाच्या या पट्ट्याला त्या धोरणात स्वाभाविक रस आहे. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने ज्वलनातील काजळी कमी होण्यास मदत होते. मात्र जे इंधन झडपेला शिवत नाही ते तिला धुऊ शकत नाही, मग ते विहिरीतून आलेले असो की उसातून.

साचलेला थर काढण्याची रूढ पद्धत म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा जोड, उतरवून, ज्या सिलिंडरचे काम करायचे त्याच्या झडपा बंद स्थितीत आणून, दळलेल्या अक्रोडाच्या कवचाचा मारा दाबाच्या हवेने करणे आणि तो भुगा त्याच वेळी ओढून घेणे. हे कवच कार्बन उडवण्याइतके कठीण, पण धातूला ओरखडा न पाडण्याइतके मऊ असते. यंत्रणा नसेल तेथे रसायनात भिजवून ब्रशने घासले जाते. ते वेळखाऊ आहे, तरी हेड उतरवण्यापेक्षा बरे. मूळ दोषावरचा उपाय टोयोटाने 2005 मध्येच शोधला होता: प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर, एक आत आणि एक हवेच्या वाटेत. फोर्डने 2017 च्या साडेतीन लिटर इकोबूस्ट इंजिनात तोच मार्ग धरला. दुसऱ्या इंजेक्टरचा खर्च स्वस्त मोटारीच्या किमतीत बसवणे अवघड जाते.

बसवकल्याणच्या ऑटोनगरात केए 38, केए 32, एमएच 24, एमएच 25 अशा पाट्यांची जी वाहने दुरुस्तीला येतात, त्यांत मालवाहू डिझेल गाड्यांचे महत्त्व मोठे, आणि आजची डिझेल इंजिने थेट फवारणीचीच आहेत. त्यांतील अनेकांत ईजीआर, म्हणजे जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा आत सोडणारी झडप असते. त्या वायूतील काजळी तेलाच्या वाफेत कालवली जाऊन मॅनिफोल्डच अर्धे बुजते. ईजीआरच्या वाटेत पत्रा घालून ती बंद करण्याचा जुगाड त्यामुळेच केला जातो. त्याने काजळी थांबते, पण ज्वलनाचे तापमान चढते आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे वाढतात. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत तर संगणक हा बदल ओळखून इशाऱ्याचा दिवा लावतो आणि कित्येकदा ताकदही कमी करतो, मग माल भरलेली गाडी पत्रा काढून घेण्यासाठी त्याच गॅरेजात परत आणावी लागते.