तालमीचा खुराक

व्यायामापूर्वीं काय खावें आणि व्यायामानंतर काय खावें, ह्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच आहे. मी वैद्य नव्हे आणि मल्ल तर नव्हेच नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलों, लातूर जिल्ह्यांतील देवणीस मुलांना शिकविण्यांत आयुष्य घालविलें आणि आतां निवृत्त होऊन बसलों आहें. परंतु मास्तराची एक संवय सुटत नाहीं. वर्गांत मुलगा पेंगूं लागला म्हणजे छडीपेक्षां आधीं, 'सकाळीं काय खाल्लेंस?' हा प्रश्न तोंडीं येतो. आजचें भाषण त्याच प्रश्नाचें लांबलेलें रूप आहे, असें समजा.

देवणी हें नांव आपणांपैकीं पुष्कळांनीं गाईबैलांमुळें ऐकलें असेल. पांढऱ्या अंगाची व काळ्या तोंडाची वानेरा, सगळी पांढरी ती बालंक्या आणि अंगावर काळे ठिपके असलेली ती शेवरा, असे ह्या जातीचे तीन प्रकार आमच्याकडील शाळकरी पोरही ओळखतें. बैल कष्टाळू आणि गाय दुधाची, अशी ह्या जातीची ख्याति आहे. अशा गांवांत दोन वर्षांपूर्वीं घडलेली एक गोष्ट सांगतों.

पोलीस भरतीसाठीं आमच्याकडील तरुण पहांटे धांवण्याचा सराव करतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धांवावें लागतें. एके दिवशीं मी फिरावयास गेलों असतां माझा एक जुना विद्यार्थी धांवतां धांवतां मैदानावर कोसळला. तोंडावर पाणी मारलें, सावलींत निजविलें, तेव्हां त्यानें डोळे उघडले. "अरे, काय खाऊन आलास?" मी विचारलें. तो म्हणाला, "गुरुजी, कांहीं नाहीं. कोरा चहा घेतला. उपाशीपोटीं अंग हलकें राहतें, असें सगळे म्हणतात." रात्रीचें जेवण आठ वाजतां झालेलें. म्हणजे नऊ-दहा तास पोटांत अन्नाचा कण नव्हता.

मी त्याला घरीं पोंचवावयास गेलों. अंगणांत देवणी गाय बांधलेली होती आणि फळीवर शहरांतून आणलेला शक्तिवर्धक भुकटीचा डबा होता. त्याची आई म्हणाली, "गुरुजी, लेकराला ताकद यावी म्हणून दुधाच्या पैशांतून घेतला." गाईचें सगळें दूध सकाळ-संध्याकाळ डेअरींत जात होतें.

श्रोतेहो, ही भुकटी बहुधा कशाची असते? दूध नासवून पनीर किंवा चीज काढल्यावर जें हिरवट पाणी उरतें, त्यांतील प्रथिनें वाळवून ती करतात. म्हणजे दूध अंगणांतून बाहेर गेलें आणि त्याचाच एक अंश कितीतरी पट किंमत घेऊन फळीवर परत आला!

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आपल्या स्नायूंत आणि यकृतांत साखरेचा एक सांठा असतो. जोराच्या श्रमाला इंधन मुख्यतः तेथूनच मिळतें. रात्रभराच्या उपवासांत यकृतांतील सांठा बराच उतरतो. सावकाश फिरावयास जाणाऱ्याचें त्यावांचून अडत नाहीं. परंतु दमछाक होईपर्यंत धांवणाऱ्याला भोंवळ येऊं शकते. उलट, भरल्या पोटीं मेहनत करणेंही अहितकारक. त्या वेळीं रक्ताचा ओघ हातापायांच्या स्नायूंकडे वळतो, पचन मंदावतें आणि पोटांत कळ येते किंवा ओकारी होते.

म्हणून पोटभर जेवण व्यायामापूर्वीं तीन-चार तास झालेलें असावें. पहांटे उठणाऱ्यास तें शक्य नसतें. त्यानें तासभर आधीं एखादें केळें, दोन-चार खजूर, किंवा अर्धी भाकरी व गुळाचा खडा खावा आणि पेलाभर पाणी प्यावें. तूप, तळण, मूठमूठ शेंगदाणे ह्या वेळीं नकोत. स्निग्ध पदार्थ पोटांत फार वेळ रेंगाळतात.

कोल्हापूरच्या तालमींतून बदाम व खसखस वाटून दुधांत घोटलेली थंडाई मेहनत संपल्यावर पितात, त्यांत केवढें शहाणपण आहे, हें आतां ध्यानांत येईल. आमच्याच जिल्ह्यांतील रामलिंग मुदगड ह्या खेड्याचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापुरास जाऊन मल्लविद्या शिकले आणि १९७० सालीं एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. त्या पिढीच्या मल्लांना दूध, तूप, बदाम हाच खुराक ठाऊक होता.

मेहनतीनंतर शरीराला तीन वस्तु हव्या असतात. घामावाटे गेलेलें पाणी व मीठ, सरलेली साखर, आणि स्नायूंची डागडुजी करणारीं प्रथिनें. साठ किलो वजनाच्या सामान्य माणसाला दिवसाकाठीं सुमारें ५० ग्रॅम प्रथिनें पुरतात. कसून मेहनत करणाऱ्यास ७० ते ९५ ग्रॅम लागतात. पाव लिटर दुधांत सुमारें ८ ग्रॅम, एका अंड्यांत ६, पन्नास ग्रॅम फुटाण्यांत १० आणि तितक्याच शेंगदाण्यांत १२ ग्रॅम प्रथिनें असतात. ज्वारीच्या प्रथिनांत जो अंश कमी पडतो, तो तुरीच्या वरणांत भरपूर असतो आणि वरणांतील उणीव ज्वारी भरून काढते. भाकरी-वरणाची जोडी कांहीं उगीच जमलेली नाहीं.

अर्ध्या तासाच्या आंत खाल्लें नाहीं तर मेहनत वायां जाते, असें पूर्वीं सांगत. आतां तज्ज्ञ म्हणतात कीं, दिवसभराची बेरीज अधिक महत्त्वाची. तास-दोन तासांत नेहमींचें जेवण झालें तरी चालतें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनांत तर प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्यात, असाच सल्ला दिला आहे.

शहरवासी श्रोत्यांस दोन शब्द. अर्धा तास फिरून येऊन मल्लाचा खुराक घेऊं नये. त्यानें बळ न वाढतां पोट वाढेल. आणि ज्यांना मधुमेहाचें औषध चालूं आहे, त्यांनीं वैद्यास विचारल्यावांचून उपाशीपोटीं व्यायाम करूं नये.

त्या घरीं मी एवढेंच सुचविलें कीं, रोज एक लिटर दूध घरांत ठेवा आणि डबा संपला कीं दुसरा आणूं नका. आईनें लगेच मान्य केलें. तेवढ्यांत दारांत उभी असलेली धाकटी मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, मीही धांवते. ८०० मीटर." तिच्या खुराकाची चौकशी त्या घरांत कोणीं केली नव्हती, आणि खरें सांगावयाचें तर मीही केली नव्हती. आतां तेथें दोन पेले भरतात. पहांटे दोघेंही भाकरी-गुळाचा घांस खाऊन मैदानावर येतात. भरतींत कोणाचा क्रमांक लागेल, तें मी सांगूं शकत नाहीं. परंतु त्यानंतर मैदानावर कोणी कोसळलें नाहीं.

आपल्या घरींही कोणी मेहनत करीत असेल. डब्याची किंमत विचारण्यापूर्वीं घरांतील प्रत्येक पेल्यांत काय आहे, एवढें एकदां पाहावें, ही विनंती.