दारावरचा श्रोता



व्याख्यानमालेची पत्रिका घरोघर गेली आणि दुसऱ्याच दिवशी एका ज्येष्ठ श्रोत्यांचा फोन आला. 'इंडी बँड' म्हणजे काय, एवढंच त्यांना विचारायचं होतं. तिथूनच सुरुवात करतो. ज्याच्या पाठीशी सिनेमा नाही, मोठी कंपनी नाही, जो स्वतःची गाणी स्वतः बांधतो, पदरमोड करून रेकॉर्ड करतो आणि साठ-सत्तर माणसांपुढे वाजवून ती पारखून घेतो, तो इंडी बँड. इंडिपेंडंट या शब्दाचं हे लहान रूप. अशा बँडच्या मागे मी गेली तीस-पस्तीस वर्षं मुंबई-पुण्यात हिंडतो आहे. आज मात्र मला बोलायचं आहे ते दारावर अडवल्या जाणाऱ्या सतरा वर्षांच्या श्रोत्याविषयी.

मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा मला कुणी अडवलं नव्हतं. धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी रंगभवन नावाचं उघडं नाट्यगृह आहे. 1978 साली पहिली जॅझ यात्रा तिथे भरली, सॉनी रॉलिन्ससारखा थोर सॅक्सोफोनवादक त्या मंचावर वाजवून गेला. 1986 पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक संगीताचा महोत्सव तिथे होऊ लागला. लोकलचा पास आणि खिशात तिकिटापुरते पैसे, एवढ्यावर मी आत गेलो. बसायची जागा ओली होती. पहिल्या गाण्याला बेसचा आवाज कानाआधी छातीत पोचला, ते मला आजही आठवतं. त्या काळी बहुतेक बँड परदेशी गाणीच वाजवत आणि लोकही तीच मागत. अशा वेळी 1984 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रॉक मशीनने 1988 साली स्वतःच्या गाण्यांची कॅसेट काढली. हाच बँड 1993 पासून इंडस क्रीड झाला. आपल्या शहरातली माणसं आपली गाणी करू शकतात, हे आम्हां पोरांना त्यांच्यामुळे कळलं.

पुढे 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरलं. तिथे आवाजाची मर्यादा दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबल. आपलं साधं बोलणंच 60 च्या आसपास जातं, मग ड्रमचं काय सांगायचं! रंगभवनाच्या एका बाजूला कॉलेज, जवळच कामा रुग्णालय. काही वर्षांतच तिथलं संगीत थांबलं. नियमावर माझा राग नाही. कामा रुग्णालयातल्या बाळंतिणीला झोप मिळालीच पाहिजे. रात्री दहाच्या मर्यादेने सवाई गंधर्व महोत्सवातल्या रात्रभरच्या मैफिलीही संपल्या, ते दुःख या सभागृहातल्या अनेकांनी सोसलं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. कॉलेजच्या पोराला परवडेल आणि त्याला सरळ आत जाता येईल, अशी त्या तोडीची दुसरी जागा शहराने उभी केली नाही.

मग बँड गेले बारमध्ये. हे मी कमी लेखून सांगत नाही. 2007 साली लोअर परळच्या एका गिरणीच्या आवारात ब्लू फ्रॉग सुरू झालं. तिथे आवाजाची व्यवस्था इतकी चांगली होती, की गायकाचा श्वास मागच्या टेबलापर्यंत यायचा. ज्या गिरणगावाने शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांना डोक्यावर घेतलं, त्याच मातीत नवी गाणी उगवत होती, याचा मला फार आनंद व्हायचा. 2016 साली ब्लू फ्रॉग बंद झालं. पुण्यात हाय स्पिरिट्ससारख्या जागांनी कितीतरी बँडना त्यांची पहिली संध्याकाळ दिली. पण बारचं भाडं आणि पगार निघतात ते पेल्यांवर, आणि महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट 21 आहे, कडक दारूसाठी 25. म्हणजे ज्या वयात गाणं माणसाला मुळापासून हलवतं, नेमक्या त्या वयाला दार बंद.

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या अशाच एका जागेच्या दारावर मी एक मुलगा पाहिला. तिकीट ऑनलाइन काढलेलं, बँडचा टी-शर्ट अंगात, आणि ओळखपत्रावर वय सतरा. दारावरच्या माणसाने त्याला परत पाठवलं. त्याचाही नाइलाज होता. मध्यंतरात मी बाहेर आलो, तर मुलगा पार्किंगमध्ये भिंतीला पाठ लावून बसलेला. भिंतीतून गिटार येत नाही, गळा येत नाही. येतो तो फक्त बेस आणि पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका. तेवढ्यावरून त्याने मला सहापैकी पाच गाणी क्रमाने सांगितली. 'चौथं नवीन आहे ना काका? ते मला ओळखता आलं नाही,' म्हणाला. खरोखरच ते नवीन होतं. त्या रात्री आत बसलेल्या आम्हां साठ जणांत इतकं जीव लावून ऐकणारं कुणी होतं का, मला शंका आहे.

असा श्रोता बाहेर राहतो तेव्हा काय हरवतं, ते सांगतो. एका पुणेरी बँडचं एक गाणं मी दोन वर्षांत सहा वेळा समोर बसून ऐकलं. पहिल्यांदा ते घाईघाईत वाजलं, गायक बावरला होता. गिटारवाल्याला आपलं सगळं कौशल्य एकाच सोलोत दाखवायचं होतं, तो संपता संपेना. लोक मोबाइल काढून बसले आणि ते त्याने मंचावरून पाहिलं. तिसऱ्या वेळी सोलो निम्म्याहून लहान झाला होता. पाचव्या वेळी तर दुसऱ्या कडव्यात गिटार गप्पच राहिली, बेस आणि आवाज एवढंच उरलं, आणि सगळी खोली स्तब्ध झाली. पुढे रेकॉर्डिंग झालं ते याच रूपात. ज्यांनी ते फोनवर ऐकलं त्यांना तयार गाणं मिळालं. आम्हांला ते तयार होताना मिळालं, आणि आमच्या कंटाळ्याचाही त्यात हात होता. एकाच गवयाचा यमन वीस वर्षं ऐकलेल्या रसिकांना हे मी काय समजावणार! मात्र त्यासाठी जागा तीच, माणसं तीच आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भेट, असं जुळावं लागतं. मोठ्या महोत्सवांचं कौतुक आहेच. डिसेंबर 2010 मध्ये पुण्यात पहिला एनएच7 वीकेंडर झाला, तेव्हा मी तिन्ही दिवस तिथे होतो. पण तिथे बँड पोचतो तो घडून आल्यावर.

दारावरच्या वयाच्या अडचणीवर अमेरिकेतल्या पोरांनी फार साधा उपाय काढला होता. 1980 साली वॉशिंग्टनचा टीन आयडल्स हा शाळकरी वयातला बँड सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबमध्ये वाजवायला गेला. वय कमी म्हणून तिथे त्यांच्या हातांवर काळ्या शाईने मोठी फुली काढली, म्हणजे यांना दारू द्यायची नाही. घरी परतल्यावर त्यांनी आपल्या शहरातल्या क्लबला हाच तोडगा सुचवला: हातावर फुली काढा, पण आत घ्या. त्यांच्यातल्याच एकाने पुढे फुगाझी हा बँड काढला. तिकीट पाच डॉलरच्या आसपास आणि कोणत्याही वयाच्या माणसाला प्रवेश, हा त्यांचा नेम होता. त्यासाठी ते चर्चच्या, शाळांच्या, संस्थांच्या सभागृहांत वाजवत.

आपल्याकडे तर सभागृहांची वाण नाही. अभंग रिपोस्ट हा मुंबईचा बँड संतांचे अभंग गिटार, बेस आणि ड्रम घेऊन गातो. अशाच एका सभागृहात त्यांना ऐकायला मी गेलो तेव्हा माझ्या पुढच्या रांगेत एक आजी नातवाचा हात धरून टाळ्यांचा ठेका देत होत्या. तिथे कुणाला ओळखपत्र दाखवावं लागलं नव्हतं.

म्हणून संयोजकांकडे मी एक मागणं घेऊन आलो आहे. पुढच्या वर्षी या मालेतली एक संध्याकाळ आपल्या गावातल्या एखाद्या बँडला द्या. साडेसहाला सुरू करून साडेनऊला संपवू, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही. ड्रमखाली जाजम घालू, नाहीतर लाकडी मंच ढोलासारखा घुमतो. दुपारी दोन तास साउंडचेकसाठी सभागृह मोकळं ठेवा, चहा-वड्यांचं मी पाहतो. गाणी त्यांची स्वतःचीच असावीत. आणि पहिल्या दोन रांगांचे पास शहरातल्या कॉलेजांच्या फलकांवर लावा, अकरावी-बारावीच्या मुलांसाठी.