शर्यतीची गाडी आणि शर्यतीचा नियम

श्रोतेहो, भातकापणी उरकली, खळी मोकळी झाली, की आमच्या भिवंडी तालुक्यातल्या माणसाचे कान बैलांच्या घुंगरांकडे लागतात. गोदामांच्या रांगांमधून जी काही भाताची खाचरे शिल्लक उरली आहेत, त्यांचे बांध फोडून मैदान आखले जाते आणि दिवाळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत शर्यती चालतात. मी या खेळाचा जुना शौकीन. माझ्या दारी शर्यतीची जोडी कधी नव्हती. पाहणारा म्हणूनच माझे आयुष्य गेले. तेव्हा आज बोलणार आहे तेही पाहणाऱ्याच्या बाजूने.

अलीकडे मैदानावर एक तक्रार वारंवार कानी येते. "नियमांनी सगळी मजा घालवली हो! काठी नाही, चाबूक नाही, आधी कागद, मग डॉक्टर. ही काय शर्यत झाली?" मला ही तक्रार पटत नाही. का पटत नाही, तेवढेच सांगतो.

आधी ज्यांनी शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. महाराष्ट्रात ती एकाच प्रकारची नाही. पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या भागात चार बैलांचा गाडा चढाच्या घाटावर एकटाच धावतो. त्याची झुंज घड्याळाशी, आणि सेकंदाच्या शतांशावर नंबर ठरतो. सातारा-सांगलीकडे एका वेळी अनेक गाड्या आपापल्या पट्ट्यातून सुटतात. गट, उपान्त्य, अंतिम अशी चढण असते, आणि दातांवरून बैलांचे वर्ग पडतात: आदत, दुसा, चौसा. आमच्या ठाणे-रायगडात दोन गाड्या समोरासमोर लागतात. ज्याला जोड मिळत नाही तो बिनजोड! हा शब्द ऐकला की आमच्याकडच्या म्हाताऱ्याचीसुद्धा मान ताठ होते.

आता गाडीकडे येऊ. आमच्या लहानपणी शर्यतीची गाडी म्हणजे घरचाच छकडा. साटा उतरवला, कण्याला वंगण लावले, की निघाले मैदानाला. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, आणि आऱ्यांचा असा खडखडाट की पलीकडच्या गावात कळावे. आता गाडी खास शर्यतीसाठी बनते. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चाकात बेअरिंग, दोन गड्यांनी उचलून टेम्पोत ठेवावी इतकी हलकी. जुनी माणसे तिला नावे ठेवतात. मी ठेवत नाही. बैलाच्या मानेवरचा भार उतरला, हे वाईट कसे म्हणायचे?

पण हलक्या गाडीचा एक दोष आहे. ती बैलाच्या मागे ओढली जात नाही, उडत जाते. बांधाचा एखादा उंचवटा राहिला असेल तर चाक हवेत, आणि ज्याला आताची पोरे जॉकी म्हणतात तो गाडीवान कुठे, ते देवालाच ठाऊक. या गाडीला ब्रेक नाही. पुढची रेषा माणसाने आखलेली; ती बैलाला काय कळणार? रेषेपुढे तो तसाच धावत राहतो. आणि आपण शौकीन नेमके कुठे उभे असतो? निकाल नीट दिसावा म्हणून रेषेच्या पलीकडे, अगदी वाटेत!

इथे मला मोटारींच्या शर्यतीची आठवण होते. तुम्ही म्हणाल, बैलगाडीत मोटार कुठून आली? सांगतो. फ्रान्स देशात ल मान्स नावाचे गाव आहे. तिथे १९२३ सालापासून चोवीस तासांची मोटारशर्यत होते. गाडी एकच, चालवणारे आळीपाळीने बदलतात आणि रात्रंदिवस धावतात. आपल्याकडचा करुण चांडोक २०१२ साली तिथे धावला, आणि त्याच्या चमूची गाडी सहावी आली. तर १९५५ साली याच शर्यतीत एक मोटार दुसरीवर आदळून प्रेक्षकांच्या बाजूला उडाली. चालकासह ऐंशीहून अधिक माणसे मेली. बहुतेक सगळी पाहायला आलेली, माझ्यासारखी शौकीन. स्वित्झर्लंडने त्यानंतर आपल्या देशात मोटारशर्यतींवर बंदी घातली आणि ती कित्येक दशके टिकली. ल मान्सवाल्यांनी मात्र पुढच्या शर्यतीपूर्वी अपघाताच्या जागचा रस्ता रुंद केला, प्रेक्षकांची जागा मागे हटवली, आणि खेळ चालू ठेवला.

तिथलीच आणखी एक गोष्ट मला फार आवडते. पूर्वी त्या शर्यतीच्या आरंभी चालक रस्त्याच्या एका कडेला उभे राहत आणि गाड्या दुसऱ्या कडेला. निशाण पडले की धावत जायचे, गाडीत उडी मारायची आणि सुटायचे. लोकांना हे दृश्य भारी प्रिय. पण घाईत कमरेचा पट्टा कोण बांधणार? १९६९ साली जॅकी इक्स नावाचा बेल्जियन चालक निशाण पडल्यावर सावकाश चालत गेला, शांतपणे पट्टा बांधला आणि सर्वांत शेवटी निघाला. त्याच दिवशी पहिल्याच फेरीत एका चालकाचा अपघाती मृत्यू झाला. त्याने पट्टा बांधला नव्हता. चोवीस तासांनंतर पहिला कोण आला म्हणता? तोच चालत गेलेला इक्स, अवघ्या १२० मीटरांच्या आसपास अंतराने! पुढच्या वर्षापासून धावत सुटण्याची पद्धत बंद झाली. तेव्हाही कुरकुरणारे असतीलच. पण शर्यत आजही भरते आणि लाखो लोक पाहायला जातात.

आता तर तिथे गाडीचेही माप काटेकोर आहे. २०२१ पासून वरच्या वर्गासाठी नवे नियम आले: गाडीचे वजन किमान १०३० किलो, ताकद जास्तीत जास्त ५०० किलोवॉट. एखादी गाडी फारच पुढे जाऊ लागली तर तिच्यावर वजन चढवतात किंवा तिची ताकद उतरवतात. हे आपल्याला चालणार नाही. मोटारीला लोखंड बांधले तर ती दुखत नाही; पळणाऱ्या बैलावर ओझे चढवणे हा निव्वळ जुलूम होईल. पण गाडीचा सांगाडा, चाकांतले अंतर आणि गाडीवानाला पाय रोवायला जागा, एवढे तरी मैदानावर पंचाने तपासावे, असे माझे मत आहे. रेषेपुढे मोकळी जागा आणि दोन्ही अंगांना मजबूत कठडा हवाच.

आता नियमांकडे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, तेव्हा आपण सगळे चिडलो होतो. पुढची वर्षे कशी गेली, ते आपल्यालाच माहीत. कुठे पहाटे अंधारात, कुठे आडरानात शर्यती लागत. तिथे ना डॉक्टर, ना पंच. पोलिसांची गाडी दिसली की पळापळ. कित्येकांनी जोड्या विकल्या. सांगोला-आटपाडीकडून हौसेने आणलेले खिलार खोंड दावणीला नुसते खात उभे राहिले; शेतात तर ट्रॅक्टर आला होता. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, नियम केले, तरी न्यायालयात ते अडले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राज्याचा कायदा कायम केला. मैदानांवर गुलाल उधळला गेला. पण त्याच निकालात नियमांचा कडक अंमल करण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली आहे, हे गुलालात कुणी वाचले नाही.

मंडळी, खेळ आपल्याला परत मिळाला तो या नियमांच्या जोरावर. बैलाला होणारा त्रास नव्या नियमांनी कमी होईल, हे मानून न्यायालयाने परवानगी दिली. काय आहेत हे नियम? धाव १००० मीटरच्या आत. बैलाची पशुवैद्यकाकडून तपासणी. धावण्यापूर्वी विसावा, आणि दिवसात तीनांहून अधिक वेळा एका बैलाला जुंपायचे नाही. काठी, चाबूक, पराणी, विजेचा झटका, सगळे वर्ज्य. शर्यतीचे चित्रीकरण करायचे. मोडले तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

यातला पराणीचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो मी मान खाली घालूनच सांगतो. तरुणपणी मी स्वतः दोरीजवळ उभा राहून "टोच, टोच!" म्हणून ओरडलो आहे. एकदा गाडीवानाची पराणी पडली, ती धावत जाऊन मीच उचलून दिली. ती जोडी जिंकली. संध्याकाळी हौदावर तो बैल पाणी पीत होता, आणि त्याच्या पुठ्ठ्यावर माशा बसल्या होत्या. जिंकलेल्या घरचा मालक गुलालाने माखलेला, आणि मला त्या माशा हाकलाव्याशा वाटेना. कारण त्या कुणामुळे बसल्या, ते मला माहीत होते.

आता पराणीवाचून गाड्या सुटतात. काय फरक पडला? जो बैल जातीचा पळणारा आहे, तो गाडीवानाच्या नुसत्या हाकेवर पळतो. जो नाही, तो नाही. पूर्वी टोचून पळवलेला कोण आणि मनाने पळणारा कोण, हे आम्हा शौकिनांना ओळखता येत नसे, आता येते. म्हणून म्हणतो, मजा गेली नाही. बैल पारखायचे असतील, तर आजच्याइतकी चांगली संधी पूर्वी कधी नव्हती.

तरी चोरून टोचणारे आहेत. मुठीत खिळा लपवणारे आहेत, शेपूट चावणारेही आहेत. पंच एका बाजूला असतो, कॅमेरा एका जागी असतो. पण शौकीन दोन्ही अंगांना हजारोंनी उभे असतात. आपल्या गावची जोडी असली म्हणून डोळे मिटून घेऊ नका. दिसले तर तिथल्या तिथे पंचाला सांगा. गावकीत दोन दिवस अबोला होईल, होऊ द्या.

आणि गुरुजींना एक विनंती. बहुतेक मैदानांवर कागद लिहायला, नावे पुकारायला गावातले शिक्षकच बसवतात. गुरुजी, तुमच्या वहीत प्रत्येक बैलाच्या नावापुढे तीन चौकोन आखा. बैल एकदा पळाला की एक चौकोन भरा आणि शेजारी वेळ लिहा, म्हणजे विसावा किती मिळाला तेही कळेल. चौथ्यांदा तोच बैल जुंपायला आणला, तर वही मालकाकडे फिरवून दाखवा. मालक गावचा पाटील असो की पुढारी, भरलेल्या तीन चौकोनांपुढे त्याला बोलता येणार नाही.