सांध्याजवळ मोडलेला हात



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय या व्यासपीठावरून ऐकावयाची महाराष्ट्राला सवय झाली आहे. त्या मानाने मोडलेल्या हाताचे पुराण ते काय ऐकावयाचे, असे कोणाच्या मनात आले असेल तर मी त्यांस दोष देणार नाही. परंतु दिवस चैत्र-वैशाखाचे आहेत. शाळांना सुट्या आहेत, आंब्यांना कैऱ्या लागल्या आहेत, आणि केळना-पूर्णेच्या संगमावरील या गावची मुले झाडावर चढावयाची थांबणार नाहीत. तेव्हा हा विषय वाटतो तितका अवेळी नाही.

दंडाचे किंवा हाताचे हाड मध्येच मोडले, तर ते बहुधा जुळते. थोडे वाकडे जुळले तरी माणूस त्याचे काही चालू देत नाही. खांदा, कोपर आणि मनगट यांच्या लगत मोडलेल्या हाडाची गोष्ट निराळी आहे. तेथे नुसते हाड जुळून भागत नाही, सांधा हलला पाहिजे. हाड उत्तम जुळले आणि कोपर काटकोनात कायमचे थिजले, तर क्ष-किरण चित्र पाहून डॉक्टरला समाधान वाटेल; पण त्या माणसाला भाकरीचा घास तोंडाशी नेता येणार नाही. सांध्याच्या आतील पृष्ठभागावर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात पायरी राहिली तर कूर्चा झिजते. आणि सांध्याभोवतीची पिशवी, विशेषतः कोपराची, फार मानी आहे. तिला इजा झाली आणि वर काही आठवडे जखडून ठेवले, की ती आक्रसते व मग पुन्हा सैल होण्यास महिनोन्‌महिने घेते.

कोपर किती हलले म्हणजे पुरे, याचे मोजमाप अमेरिकेतील मॉरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केले. हात पूर्ण सरळ असेल ती स्थिती शून्य अंश धरली, तर ३० अंशांपासून १३० अंशांपर्यंत कोपर वाकले आणि तळहात वर-खाली दोन्हीकडे ५०-५० अंश फिरला, की रोजची बहुतेक कामे होतात. आपल्या भाषेत बोलावयाचे तर घास घेणे, वेणी घालणे, तीर्थासाठी तळहात पसरणे आणि पीठ मळण्यासाठी तो पालथा करणे, एवढे साधले पाहिजे. हात शेवटचे दहा-पंधरा अंश सरळ झाला नाही म्हणून झुरणारे रुग्ण असतात. त्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

आता मुलांकडे वळू. झाडावरून, झोक्यावरून किंवा बैलगाडीवरून पडणारे मूल हात पुढे टेकते, आणि सारा भार कोपराच्या किंचित वर, जेथे दंडाचे हाड पातळ व चपटे होते, तेथे येतो. पाच ते सात वर्षांच्या आसपास हा अस्थिभंग विशेष आढळतो. हाड सरकले नसेल तर तीन आठवड्यांचे प्लास्टर पुरते. ते मागे सरकले असेल तर भूल देऊन, ओढून, जागेवर आणून, क्ष-किरण यंत्राखाली पाहत कातडीतूनच दोन-तीन बारीक तारा घालतात. कातडी उघडावी लागत नाही. तीन-चार आठवड्यांनी त्या तारा बाह्यरुग्ण विभागातच काढल्या जातात, आणि मूल आपल्या खेळण्यातून हात मोकळा करून घेते. ‘शस्त्रक्रिया’ हा शब्द ऐकताच आई-बाप रडू लागतात. पण मुलाच्या कोपरावरील शस्त्रक्रियांपैकी ही अतिशय सौम्य आणि फलदायी अशी आहे.

भीती आहे ती निराळ्याच गोष्टीची. या हाडाच्या पुढूनच हाताला रक्त पुरविणारी मुख्य धमनी जाते. हाड सरकले, सूज आली आणि वरून कोणी गच्च बांधले, की हाताच्या स्नायूंचे रक्त तुटते. जर्मन शल्यविशारद रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ साली याचा परिणाम वर्णन केला. स्नायू मरतात, त्यांच्या जागी दोरखंडासारखे ताठर ऊतक तयार होते, मनगट वाकते, बोटे पक्ष्याच्या पंजाप्रमाणे वळतात आणि तशीच राहतात. स्नायूंना रक्ताविना सुमारे सहा तास काढता येतात. त्यानंतर गेलेले स्नायू कोणतीही शस्त्रक्रिया परत आणीत नाही.

सहा तास हा आकडा जाफराबादच्या माणसाने आपल्या घड्याळावर मोजून पाहावा. मूल चार वाजता पडते. घरचे म्हणतात, मुरगळले असेल. पाच वाजता हळदीचा लेप लागतो. सहा वाजता हाडवैद बांबूच्या कामट्या लावून पट्टा आवळतो. रात्री मूल किंचाळते, तेव्हा ‘हाड बसताना दुखायचेच’ अशी समजूत घालतात. सकाळी बोटे निळी व थंड पडलेली दिसतात, आणि मग जालन्याची किंवा संभाजीनगरच्या घाटीची वाट धरतात. तोवर पंधरा तास लोटलेले असतात.

हाडवैद्यांविषयी मी सरसकट वाईट बोलणार नाही. जेथे वीस कोसांत डॉक्टर नव्हता, तेथे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्यांच्याकडेच जावयाचे, नाहीतर कोणाकडे? घाटीचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेच १९५६ साली. परंतु जे आपल्या परंपरेचे नाव घेतात, त्यांनी सुश्रुत एकदा उघडून पाहावा. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वेळू यांच्या साली व पट्ट्या हाड बांधण्यासाठी सुश्रुताने सांगितल्या आहेत, हे खरे. पण त्याच ठिकाणी तो बजावतो की बंधन सैल झाले तर सांध्याला स्थैर्य येत नाही आणि फार गच्च झाले तर सूज, वेदना व पाक होतो. बंधन किती दिवसांनी सोडून पुन्हा बांधावयाचे, तेही त्याने ऋतूप्रमाणे नेमून दिले आहे. थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी. मराठवाड्याच्या वैशाखात एकवीस दिवस आवळून ठेवलेला पट्टा सुश्रुताच्या नावावर खपविता येणार नाही.

म्हणून घरातील माणसांनी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. बांधल्यावर वेदना कमी व्हावयाच्या ऐवजी वाढत चालली, बोटे आपण हळूच सरळ करताना मूल ओरडले, बोटे फिकी, थंड किंवा बधिर झाली, तर रात्र असो वा पहाट, पट्टा, कापूस, प्लास्टर सारे कातडीपर्यंत कापून मोकळे करावे आणि लगेच रुग्णालय गाठावे. प्लास्टर डॉक्टरने घातलेले असले तरी नियम तोच. मनगटाची नाडी लागते म्हणून स्वस्थ बसू नये. नाडी लागत असूनही आतील स्नायू गुदमरत असतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. ती अशा वेळेसाठीच आहे.

मुलांच्या कोपराच्या बाहेरील बाजूचा एक लहानसा तुकडाही मोडतो. चित्रात तो क्षुल्लक दिसतो, कारण त्याचा मोठा भाग अजून कूर्चेचाच असतो. तो सरकलेला असून तसाच राहिला तर पुष्कळदा जुळत नाही. कोपर हळूहळू बाहेर वळते आणि तरुणपणी, केव्हा पंधरा-वीस वर्षांनी, करंगळी बधिर पडू लागते. तोपर्यंत लहानपणचे ते पडणे सर्वजण विसरून गेलेले असतात.

मोठ्या माणसांत कोपर मोडते ते मोटारसायकलवरून पडून, नाहीतर मळणीयंत्रात हात जाऊन. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये म्यूलर, अलगोवर, श्नायडर, विलेनेगर प्रभृती शल्यविशारदांनी एकत्र येऊन या बाबतीत जी दिशा दिली, ती आज जगभर मान्य आहे. सांध्याचा पृष्ठभाग तंतोतंत जुळवावा, तो पट्ट्या व स्क्रूंनी इतका घट्ट धरावा की प्लास्टरची गरज उरू नये, हाडाचा रक्तपुरवठा जपावा आणि हात लवकर हलवावा. यांतील शेवटचे कलम हेच साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन होय. कोपराच्या टोकाचे हाड तुटते तेव्हा दंडामागील स्नायू तुकड्याला वर खेचतो. तेथे दोन तारा आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वळसा घालून ती खेचच तुकडे दाबण्याच्या कामी लावतात. ही युक्ती मला नेहमी विहिरीच्या मोटेची आठवण करून देते; ओढ बैलांची, काम आपले. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी तर हाडात कातडीबाहेरून तारा घालून त्या सळ्यांनी जोडण्याची स्वस्त, सुटसुटीत पद्धत सिद्ध केली. जखमेमुळे जेथे आत पट्टी बसविणे धोक्याचे असते, तेथे ती फार उपयोगी पडते.

पण प्रत्येक मोडलेल्या सांध्याला पट्टी हवीच, असे कोणी सांगू लागला तर त्यालाही दोन प्रश्न विचारावेत. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या एक्याऐंशी वर्षे आधी, मनगटाच्या अस्थिभंगाचे वर्णन केले आणि नोंदविले की हात वाकडा दिसत राहिला तरी पुढे मोकळेपणाने काम करू लागतो. आपल्याकडे पन्नाशी उलटलेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रिया न्हाणीघरात घसरतात त्यांचे मनगट असेच मोडते. इंग्लंडात ४६१ रुग्णांची दोन गटांत विभागणी करून एकांना साध्या तारा व दुसऱ्यांना महागडी पट्टी बसविली. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर दोन्ही गटांचे हात सारखेच चालत होते. खांद्याजवळ मोडलेल्या व सरकलेल्या हाडाबाबत २५० रुग्णांवर तसाच प्रयोग झाला. निम्म्यांवर शस्त्रक्रिया, निम्म्यांचा हात नुसता झोळीत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दोन वर्षांपर्यंत फरक आढळला नाही. हे निष्कर्ष सर्वांना लागू नाहीत. मनगटाचा सांधा आत चुरडला असेल किंवा खांद्याचा गोळा निखळून मोडला असेल तर प्रश्न वेगळा. परंतु सत्तर वर्षांच्या आजीबाईंसाठी एकर गहाण ठेवण्यापूर्वी ‘झोळीत ठेवले तर काय होईल?’ एवढे विचारण्याचा मुलाला अधिकार आहे. आणि खर्चाचेच म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अस्थिशस्त्रक्रिया येतात. कोणती कोठे बसते ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे.

शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे रुग्णाच्या हाती असतात, आणि येथेच आपल्याकडे घोटाळा होतो. एक वर्ग असा की हात गळ्यात बांधून देवघरातील मूर्तीसारखा जपतो. बोटेही हलवीत नाही. दुसरा वर्ग तेल लावून कोपर चोळतो आणि दोघे जण धरून जबरीने सरळ करवितो. हा दुसरा प्रकार अधिक घातक. कोपराचे स्नायू रगडले की त्यांत हाडासारखे कठीण पदार्थ साठतात, आणि सांधा पूर्वीपेक्षाही जखडतो. कोपराला मालिश करावयाची नाही आणि ओढाताणही नाही. रुग्णाने स्वतः, आपल्याच बळाने, दिवसातून अनेकदा थोडे थोडे हलवावे. बोटे आणि खांदा तर पहिल्या दिवसापासून. सुश्रुताने तळहात मोडलेल्या माणसाला आधी मातीचा गोळा धरावयास सांगितले, मग मिठाचा खडा, आणि हातात बळ आल्यावर दगड. आजच्या व्यायामोपचाराचा क्रम याहून निराळा नाही. सुधारणा वर्षभर होत राहते. तिसऱ्या महिन्यात निराश होऊन पट्टा बांधणाऱ्याकडे जाऊ नये. विडी-तंबाखू मात्र त्या काळात सोडावी, तिच्यामुळे हाड उशिरा जुळते.

शेवटी, सभा संपल्यावर हमखास विचारला जाणारा प्रश्न. हातातील धातू पुढे काढावा लागतो काय? मुलांच्या तारा काढावयाच्याच असतात. कोपराच्या टोकावरील तारा कातडीखाली टोचतात, त्या पुष्कळांना हाड जुळल्यावर काढून घ्याव्या लागतात. मनगटाची वा दंडाची पट्टी त्रास देत नसेल तर जन्मभर राहिली तरी हरकत नाही. ती काढताना मज्जातंतूला इजा होण्याचा धोका, ठेवण्याच्या धोक्याहून अधिक असू शकतो. ज्यांनी क्ष-किरण चित्रे बरोबर आणली असतील त्यांनी आभारप्रदर्शनानंतर मंडपातील दिव्याजवळ थांबावे.