व्यवसायजन्य रोग आणि आपले कर्तव्य
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, वधूवरांच्या याद्या वाचल्या जातात. कामातून जडणाऱ्या आजाराचा विषय मात्र कोणी काढीत नाही. तो अप्रिय विषय आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत. सूत आणि वस्त्र हा आपला पिढीजात उद्योग. त्या उद्योगातील धूळ आपल्याच माणसांच्या छातीत जाते.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली. दैवाचा खेळ असा की, कापसाच्या धुळीपासून होणारा रोग त्या सुटीनंतरच्या दिवशीच प्रथम ओळखू येतो. ब्लोरूम वा कार्डिंग खात्यातील माणसाची छाती सोमवारी आवळते, खोकला येतो. पुढील दिवशी आराम वाटतो. यास बिसिनोसिस म्हणतात. आरंभीच धुळीपासून दूर झाल्यास प्रकृती सुधारते; वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास धाप कायमची मागे लागते. क्ष-किरण चित्रात याची खास खूण दिसत नाही. त्यामुळे ‘दमा’ म्हणून औषध दिले जाते आणि प्रकरण तेथेच मिटते.

वास्तविक ते तेथे मिटू नये, अशीच कायद्याची योजना आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ८९ व्या कलमाने दोघांवर कर्तव्य घातले. अनुसूचीतील रोग कामगारास जडल्यास व्यवस्थापकाने सरकारला कळवावे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरानेही मुख्य कारखाने निरीक्षकाकडे लेखी अहवाल पाठवावा. २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेतही हे दुहेरी कर्तव्य राखलेले आहे. भरपाईच्या बाबतीत तर १९२३ च्या कायद्यानेच व्यवसायजन्य रोगास कामावरील अपघाताच्या पंक्तीस बसविले होते.

मग साखळी तुटते कोठे? आमच्या मते ती पहिल्याच कडीपाशी तुटते. काम जाईल या भीतीने रोगी आपला धंदा सांगत नाही, आणि डॉक्टरही विचारीत नाही. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहून बजावले होते की, वैद्याने रोग्यास त्याचा व्यवसाय अवश्य विचारावा. इंग्लंडात १८९५ च्या कायद्याने शिसे, फॉस्फरस व आर्सेनिक यांची विषबाधा आणि अँथ्रॅक्स कळविणे डॉक्टरांस बंधनकारक झाले. १८९८ साली थॉमस लेग हे तेथील पहिले वैद्यकीय कारखाने निरीक्षक झाले. निरीक्षकाने कोणत्या खात्यात धूळमापन करावे, कोठे धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसविण्याची सक्ती करावी, हे त्याला अशा अहवालांवरूनच कळते. टेबलावर कागदच आला नाही, तर त्याच्या लेखी रोगही नाही.

या सभागृहात मजूर आहेत, तसे मालकही आहेत. दोघांची पंगत एक, सोयरीक एक. म्हणूनच हे बोलणे अवघड आहे. मालकबंधूंना आमची विनंती अशी की, रोग कळविणे म्हणजे अपराधाची कबुली नव्हे. तो लपविणे मात्र अपराध आहे. श्रमजीवी बंधूंनी दवाखान्यात प्रथम आपले खाते आणि कामाची वर्षे सांगावीत, आणि कागदावर लिहून घ्यावीत. ज्ञातीतील डॉक्टरांनी व्यवसाय विचारल्यावाचून दम्याचे निदान करू नये. दहांहून कमी माणसांचे घरगुती उद्योग सहसा या तरतुदींच्या कक्षेत येत नाहीत. तेथे तर निरीक्षकाची वाट पाहण्यात अर्थच नाही. तेथे आपणच आपले निरीक्षक झाले पाहिजे.

घरातील वडील माणूस सोमवारी धापा टाकीत परतला, तर ‘वय झाले’ म्हणून गप्प बसू नका. तो कोणत्या धुळीत उभा होता, हे विचारा. एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.