मागण्यांचा कागद
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



हॉलीवूडच्या तुरुंगपटांची परंपरा, १९४७ चा ज्यूल्स डॅसिनचा 'ब्रूट फोर्स' वगैरे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. मी आलोय तो एका चित्रपटाबद्दल आणि त्यातल्या एका कागदाबद्दल बोलायला. इतकी वर्षं फौजदारी वकिली केल्यावर माझं ठाम मत झालंय, की तुरुंगातल्या बंडाची सुरुवात अर्जापासून होते. अर्ज कुणी वाचत नाही. मग तोच मजकूर पुन्हा लिहिला जातो, पण या खेपेला वाचणाऱ्याची मानगूट धरून.

चित्रपट १९५४ चा, 'रायट इन सेल ब्लॉक ११'. दिग्दर्शक डॉन सीगल. निर्माता वॉल्टर वँगर. या वँगरनं १९५१ साली बायकोच्या एजंटवर गोळी झाडली, चार महिन्यांची शिक्षा घेतली आणि आत जे पाहिलं त्यानं पेटून उठून हा चित्रपट काढला. (हशा) हसू नका, मला त्या माणसाबद्दल आदर आहे. शिक्षा भोगून आलेले बहुतेक प्रतिष्ठित लोक तो विषय कायमचा मिटवतात. यानं कॅलिफोर्नियातल्या खऱ्या फॉल्सम तुरुंगात कॅमेरा नेला आणि तिथल्याच कैद्यांना, पहारेकऱ्यांना पडद्यावर उभं केलं. मोठा नट नाही, नायिका नाही, आणि मुख्य म्हणजे पळून जायचा बेतच नाही. डन नावाचा कैदी पहारेकऱ्यांना ओलीस धरतो आणि मागतो काय, तर वार्ताहर. 'कर्नल' म्हणून ओळखला जाणारा एक शिकलेला कैदी मागण्या लिहून काढतो: मनोरुग्णांना आमच्यातून वेगळं काढा, हाताला काम शिकवा, मारहाण थांबवा. तुरुंगाधिकारी कागद वाचतो, आणि हेच तर तो स्वतः वरच्यांकडे वर्षानुवर्षं मागत आलेला असतो! माझ्या मते चित्रपटाचा कणा इथे आहे.

मागून कुणीतरी विचारतंय, ओलीस धरणं तुम्हाला मान्य आहे का? मुळीच नाही. त्या पहारेकऱ्यालाही घर आहे, बायकापोरं आहेत. सीगलही ते लपवत नाही. डनचा साथीदार कार्नी किती भयंकर आहे ते तो दाखवतोच. पण गुन्ह्याचा निषेध केला म्हणजे अर्ज न वाचणारा सुटला, असं होत नाही.

आता हे कल्पनेतलं नाही. एप्रिल १९५२ मध्ये मिशिगनमधल्या जॅक्सनच्या तुरुंगात हेच घडलं. सुमारे सहा हजार कैद्यांचा अवाढव्य तुरुंग. पंधरा नंबरच्या ब्लॉकमध्ये कैद्यांनी पहारेकरी धरले आणि अकरा कलमांची यादी दिली. ती यादी पाहा. ब्लॉकमध्ये पुरेसा उजेड द्या. जखडून ठेवण्याची अमानुष साधनं बंद करा. वेडाच्या आणि फेफऱ्याच्या रुग्णांवर नेमायचे पहारेकरी पारखून घ्या. शस्त्रक्रियेनंतरची देखभाल डॉक्टरच्या हाती असू द्या. आमच्यावर सूड उगवू नका. सांगा मला, यातलं कुठलं कलम तुम्ही नाकाराल? राज्यपालांनी मान्यता दिली, आणि शरण येताना कैद्यांनी शेवटचं मागितलं ते चांगलं जेवण आणि आइस्क्रीम. (हशा) व्हर्नन फॉक्स नावाचे मानसशास्त्रज्ञ तिथे उपअधीक्षक होते. वाटाघाटी त्यांनी केल्या, ओलीस जिवंत सुटले. पण कैद्यांचं त्यांनी जाहीर अभिनंदन केलं म्हणून असं काहूर उठलं, की त्यांना नोकरी सोडावी लागली. पुढे ते फ्लोरिडात अपराधशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्यावर एक स्वतंत्र व्याख्यान...

चिठ्ठी आली. दहाच मिनिटं? बरं.

मग शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'चं उत्तर थोडक्यात देतो, कारण ते कुणीतरी विचारणारच. चित्रपट थोर आहे, पण तिथे सहा खुन्यांचं भलं एका सज्जन जेलरला सुचतं. सीगलच्या कैद्यांना तसा जेलर मिळूनही भागत नाही. शेवटी विधिमंडळ करार फेटाळतं आणि डनपुढे आणखी तीस वर्षं उभी राहतात. एकट्यादुकट्याच्या चांगुलपणावर कारागृह चालत नसतं, हे सीगलनं स्वच्छ दाखवलं.

आणि न वाचलेले अर्ज काही तिकडेच नसतात. आपल्याकडे तुरुंगातल्या दर चार माणसांत साधारण तीन कच्चे कैदी असतात, म्हणजे खटला अजून चालायचाय. अशा एकाचा अर्ज माझ्याकडे आला होता. रेघांचा कागद, वर 'मार्फत : मा. अधीक्षक', खाली साक्षांकित अंगठा. मधे एकच विनंती: माझी पुढची तारीख कोणती ते कळवावं. जामीन नाही, दया नाही. फक्त तारीख!

वेळ संपली, तरी एवढं ऐका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं, की फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनावर सोडावं. पूर्वी शिक्षा न झालेल्याला एक तृतीयांशानंतरच. अनेक खटले असतील तर अपवाद आहे. आणि मुदत भरली की न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याचं काम कायद्यानं कारागृह अधीक्षकावरच टाकलंय. इथे बसलेल्या तरुण वकिलांना माझी विनंती आहे: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात नाव नोंदवा, जवळच्या कारागृहात जा आणि किती जणांची मुदत भरूनही अर्ज गेलेला नाही, ते विचारा.