एक सॉकेट, अनेक यंत्रे



वडोदरा जिल्ह्यातील सावली तालुक्याच्या शेतकऱ्याला सातबाराचा उतारा मामलतदार कचेरीतील ई-धरा केंद्रातून मिळतो. अशा कचेऱ्यांत भिंतीवर इथरनेटचे सॉकेट एकच आणि संगणक व प्रिंटर अनेक, असा प्रसंग येतो. त्या वेळी केबल कापून तिला दुसरी जोडणे सर्वथा अयोग्य होय. सॉकेटमधून एक केबल ‘स्विच’ या पेटीत आणावी व तेथून प्रत्येक यंत्रास स्वतंत्र केबल द्यावी. कोणतीही केबल १०० मीटरांहून लांब नसावी. मात्र एकाच केबलची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये घालू नयेत. साध्या स्विचमध्ये संदेश चक्राकार फिरत राहतात, सारे काम ठप्प होते आणि रांगेतील शेतकरी रिकाम्या हाताने परततो. म्हणूनच नेटवर्क सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या अनुमतीनेच स्विच बसवावा.